दुसरा हात

१

लढाईच्या दिवसांत आम्ही बुलढाण्याला राहत होतो. हे शाळेत शास्त्र शिकवायचे. गावात त्यांना सगळे निवृत्ती मास्तर म्हणत. शाळा पोटापुरती, जीव सगळा विहिरींत. पडलेला पाऊस काळ्या मातीत किती थांबतो, मुरमात किती उतरतो, खालच्या खडकाच्या भेगांतून विहिरीला किती लागतो, याचा त्यांनी एक सिद्धांत बसवला होता. दोनच पानांचा. नागपूरच्या एका प्रोफेसरांनी तो वाचून पाठ थोपटली होती.

पण सिद्धांताला विहीर दिसत नाही. 'पाणी क्षणाक्षणाला झिरपते' असं पानावर लिहिलं की तिथलं काम भागतं. अमक्या गावच्या विहिरीत होळीला किती हात पाणी राहील, असं कोणी विचारलं की मग क्षणाक्षणाचा हिशेब करणार कोण? ते काम माझ्याकडे आलं. मी क्षणांचे आठवडे केले. त्याआधी महिन्याचं पाऊल टाकून पाहिलं होतं, तेव्हा विहीर चैत्रात शून्याच्याही खाली गेली आणि हे पोट धरून हसले. आठवड्याचं पाऊल टाकलं तशी ती ताळ्यावर आली. आधी मातीतलं पाणी, मग मुरमातलं, मग खडकातलं, शेवटी माणसाजनावरांचा उपसा वजा. अशी एकेक पायरी करत आम्ही दोघांनी रीत बसवली. मग मागल्या सालांचा पाऊस तिच्यात घालायचा आणि आमच्या आळीतल्या विहिरीत तेव्हा दोर सोडून मोजलेलं पाणी तिच्यातून निघतं का ते पाहायचं. नाही निघालं की चूक शोधायची. कितीतरी महिने आम्ही नुसत्या चुकाच शोधल्या.

नागपूरच्या एका कॉलेजानं मोडीत काढलेलं हिशेबाचं मशीन ह्यांनी आणलं होतं. दांडे सरकवून आकडा लावायचा, हँडल फिरवायचं. आकडा शून्य ओलांडून गेला की आत घंटी वाजे. हे खुर्चीत डोळे मिटून आकडे सांगत, मी हँडल फिरवून उत्तर देई. उत्तराआधी "बरं" म्हणायची मला सवय होती. "बरं, त्र्याऐंशी."

एरवी हे माझ्याशी फारसं बोलत नसत. बोलणं व्हायचं ते त्या खोलीत, शाळेला जाण्याआधी, आकड्यांचंच. दुसऱ्या बायकांना त्यांचे नवरे काय म्हणत असतील मला ठाऊक नाही. हे मला "एकशे चार, भागिले सात" म्हणत आणि माझा सबंध दिवस चांगला जाई.

२

एका साली धामणगाव बढ्याची एक विहीर आम्ही वैशाखापर्यंत पुरेल म्हणून सांगितली होती. ती होळीलाच आटली. कोणी बोल लावला नाही, पण दोन दिवस हे जेवले नाहीत.

"चूक सिद्धांताची, का रीतीची, का हाताची?" हे म्हणाले. "कसं वळखावं?"

"हात तर माझाच आहे," मी म्हटलं.

"म्हनूनच. दुसरा हात पाह्यजे. तोच पाऊस, तीच रीत, पन कोऱ्या मनानं. पयल्याची सावली बी दुसऱ्यावर पडाले नको. दोन्ही जुळले तं समजावं, हाताची चूक नाई."

बोलणं रास्त होतं. हिशेब भरवशाचा व्हायचा तर असंच करायला हवं, हे मलाही कळत होतं. पण 'दुसरा हात' हे शब्द माझ्या छातीत काट्यासारखे रुतले. कोणाचा, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला त्याचं वाईट वाटलं हे त्यांना कळलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून हे शाळेतून यायच्या वेळेला मी शिवण घेऊन शेजारी जमीलाकडे जाऊन बसायला लागले. माझी सावली पडायला नको ना, मग नाहीच पडणार. जमीलाचा नवरा रहेमतुल्ला कापडाचं गाठोडं घेऊन आठवडी बाजार करत फिरे, घरात ती एकटीच कपडे शिवत बसलेली असे. तिची आणि आमची भिंत एकच होती.

तिसऱ्या प्रहरी त्या भिंतीपलीकडे हँडल फिरायला लागलं.

३

मी शिवत होते, पण कान भिंतीला लागले होते. ह्यांचा आवाज ओळखू येई. शब्द कळत नसत, पण सूर कळे. आणि तो सूर सकाळचा नव्हता. सकाळी हे आकडे टाकत, जसे आपण जात्यात दाणे टाकतो. आता ते आकडे देत होते, एकेक, जपून.

मग बाईचा आवाज आला. हळू, समजूतदार. उत्तराआधी ती काहीतरी म्हणे. मी श्वास धरून ऐकलं.

"बरं," ती म्हणत होती. "बरं, एकोणपन्नास."

माझ्या अंगाची आग झाली. माझी सवय तिला कोणी दिली? ह्यांनीच शिकवली असणार. बाईनं कसं उत्तर द्यायचं याचाही त्यांनी नेम ठरवून टाकला असेल, त्यांना सगळ्याचाच नेम लागतो.

"कोण येत असेल गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

जमीलानं सुईत दोरा ओवला, मग पुन्हा काढला. "मले काय मालूम, भाभी," ती म्हणाली. "मी तं कोनाले येतानी पाह्यलं नाई."

ती खोटं बोलत नव्हती. दोघींची दारं एकाच बोळात उघडत. कोणी यायचं तर तिच्या दारावरूनच यायला हवं होतं.

४

रोज घरी परतले की मी ती खोली तपासायची. हे तोवर फिरायला गेलेले असत. हँडलची मूठ गरम असे. मशीनपुढच्या खुर्चीची बैठक गरम असे. खोलीत खोबरेलाचा वास असे आणि तो मला परका वाटत नसे, त्यामुळे जास्तच राग येई. तेलसुद्धा माझंच लावते की काय?

एकदा खुर्चीच्या पाठीला केस सापडला. लांब, टोकाकडे तांबूस. मला इतका आनंद झाला की मी तो बोटाला गुंडाळून तशीच जमीलाकडे पळाले.

तिनं तो उजेडात धरला. मग माझ्या वेणीचं टोक हातात घेऊन त्याच्याशेजारी धरलं.

"सकाळी मीच बसते त्या खुर्चीत," मी म्हटलं. "माझा केस पडायचाच."

"हाव," जमीला म्हणाली. तिनं केस परत दिला नाही. चुलीत टाकला.

माझं मन तेव्हा दोन्हीकडून बोलायचं. आवाज भिंतीतून येतो, भिंत आवाज बदलते. खुर्ची उन्हानं तापते. बोळात पाळत ठेवून काही आपण बसत नाही. हे सगळं मला पटे. पण हे हल्ली रात्रीचं जेवताना मध्येच थांबून हसत, आठवून हसावं तसं, आणि त्याचं कारण मला कुठंच सापडत नव्हतं.

"आज हिशेब जुळला का?" मी विचारी.

"शेवटच्या आकड्यालोक," हे म्हणत. "कमाल हाये. अजून एकडाव बी चुकली नाई."

शेवटच्या आकड्यापर्यंत चुकली नाही. मी ते शब्द उशाशी घेऊन झोपत होते.

५

पुढच्या माघात वरवट बकालहून उकंडराव पाटील आले. ते ओसरीवर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"मास्तर, आमच्याकडचं पानी तं तुमाले मालूम हाये. सारं खारं. एक गोडी विहीर, तिच्यावर सारं गाव जगते. मिरगालोक पुरीन का ती? नसन पुरत तं मी आताच ढोरं सातपुड्याच्या पायथ्याले हाकलतो. वाटंनं अजून चारा हाये. चैतात नेली तं वाटंतच मरतीन."

"चार रोजात सांगतो, पाटील," हे म्हणाले. "दोन हातांनं मोजून सांगतो."

दोन हात! पाटलांनी त्याला मान डोलावली, पण मला ते ऐकवलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी मशीनवर बसले. उपशाची पायरी आली. हे डोळे मिटून आकडा सांगत होते. मी हँडल फिरवलंच नाही. मागचंच उत्तर सांगितलं. पुढच्या आठवड्यालाही तसंच. हिशेबातला सबंध माघ-फाल्गुन मी उपसा सोडून दिला, जणू वरवटात ना माणूस ना जनावर. ह्यांना समजलं नाही. त्यांचा माझ्या हातावर पूर्ण विश्वास होता.

माझा बेत सरळ होता. तिसऱ्या प्रहरी ती बरोबर हिशेब करील, दोन्ही जुळणार नाहीत. मग हे तिला विचारतील, मला विचारतील, पुन्हा मोजायला बसवतील. माझं चुकीचं उत्तर मी सावरून घेईन. पण निदान तिला माझ्यासमोर यावं लागेल. एकदा तरी मला तिचं तोंड पाहायचं होतं.

संध्याकाळी हे फिरून आले ते खुशीत.

"जुळलं," ते म्हणाले. "गोडी विहीर मिरगालोक पुरते. पाटलाले निरोप धाडला, ढोरं राहू द्या म्हनून."

मी भाकरी थापत होते. माझे हात परातीतच राहिले. बरोबर उत्तर दोन माणसांना सारखं येईल. चुकून झालेली चूकही एखादवेळ सारखी येईल. पण मी मुद्दाम, मनातल्या मनात ठरवून केलेली लबाडी दुसऱ्या बाईनं त्याच आठवड्यांत, तितकीच कशी केली?

६

"तो हिशेब खोटा आहे," मी म्हटलं. "मी उपसा सोडला."

"तू सोडला तं मंग दुसऱ्या डावाले बी सुटला असता का?"

"ते तिला विचारा."

"कोनाले?"

"तिसऱ्या प्रहरी येते तिला. दुसऱ्या हाताला."

"तुले बरं नाई का? तूच तं असते. सकाळी एकडाव बसते, अन् मी शाळेतून आलो का पुन्हा बसते. कोऱ्या मनानं बस म्हनून मीच नाई का सांगतलं?"

"मी त्या वेळी जमीलाकडे असते. रोज."

"हिशेब आटोपल्यावर जात असशीन."

"तुम्ही तिचं तोंड पाहिलं आहे?"

आकडे सांगताना त्यांचे डोळे मिटलेले असतात. ते आत येतात तेव्हा ती मशीनकडे तोंड करून, पाठमोरी बसलेली असते. मग फिरायला जातात. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून सरकताना मला दिसलं. पण ते टिकलं नाही.

"मले तं उलटं चांगलं वाटे," ते हळूच म्हणाले. "सकाळी तू नुसती उत्तरं देते. तिसऱ्या प्रहरी हासते. मधातच एखांदी गोष्ट सांगते. म्या म्हनलं, हिले हा वखत मानवते."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना माझं काही चांगलं वाटतं हे त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. आणि ते माझ्याविषयी नव्हतं.

७

वरवटची ढोरं जागची हलली नव्हती आणि फाल्गुन लागत होता. मी पुन्हा मोजते म्हटलं, तर हे म्हणत, मोजलेलं दोनदा जुळलं आहे, तिसऱ्यांदा तुझाच हात काय वेगळं सांगणार? आणि मलाही भीती होती. मी बरोबर मोजलं तर तीही बरोबर मोजील. माझ्या हातात खरंखोटं काही उरलंच नव्हतं. जे मी करीन तेच भिंतीपलीकडे होणार.

मी जमीलाकडे गेले. ती उर्दू शाळेत चार इयत्ता शिकली होती, गजांचा हिशेब तोंडी करायची. मी तिला रीत सांगितली. सिद्धांत नाही, नुसती रीत: यातून हे वजा कर, त्याचा इतकावा भाग घे, पुढच्या आठवड्याला जा. वरवटचा पाऊस सांगितला. मग मी उठून बोळात जाऊन बसले, म्हणजे माझ्या मनातलंही तिच्यापर्यंत पोचायला नको.

तिच्याजवळ मशीन नव्हतं. पाटी आणि खडू. तिला वेळ लागला. पण एका सकाळी ती पाटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"चैताच्या पयल्या आठोड्यात विहीर संपते, मास्तरसाहेब," ती म्हणाली. "म्या दोनडाव पाह्यलं."

हे हसले नाहीत. त्यांनी तिची एकेक पायरी विचारली. उपशाच्या पायरीवर आले तसे ते उठून उभे राहिले. त्याच दुपारी ते मिळेल त्या मोटारीनं घाट उतरले, पुढं बैलगाडीनं वरवटला गेले.

ते नव्हते त्या दिवसांत तिसऱ्या प्रहरी मी त्या खोलीत एकटी बसले. मशीन गप्प होतं. खुर्ची थंड होती. ती माझ्यासाठी येत नव्हती, आणि या गोष्टीचाही मला राग आला.

ढोरं वेळेवर डोंगराकडे गेली. चैत्रात गोडी विहीर गाळावर आली, पण जनावरं नव्हती म्हणून माणसांपुरतं पाणी कसंबसं पुरलं. उकंडराव स्वतः येऊन ह्यांच्या पाया पडले. ह्यांनी त्यांना जमीलाचं दार दाखवलं.

"रीत पक्की हाये," हे त्या संध्याकाळी मला म्हणाले. किती तरी दिवसांनी ते डोळे उघडे ठेवून माझ्याशी बोलत होते. "शास्त्र न शिकलेल्या बाईनं नुसती रीत धरून बरोबर उत्तर काढलं. आता हात दोन नाई, तीन पाह्यजे. जमीलाभाभीले म्हन, तुमच्याच घरी बसून मोजत जा."

मला बरं वाटलं. जमीलाला मी आणलं होतं. तो हात माझ्याकडचा होता.

८

वैशाखातली गोष्ट. शाळा सुटली होती आणि हे आत होते. आम्ही दोघी आमच्याच ओसरीवर होतो. जमीला झबलं शिवत होती, मी गहू निवडत होते. मागची खोली इथून दिसत असे. तिचं दार लोटलेलं होतं, बोटभर फट होती. आत हँडल फिरत होतं.

त्या आवाजाला आता आम्ही दचकत नव्हतो. जमीलानं मला तोवर सांगूनही टाकलं होतं: पहिल्या दिवशीच तिनं तो आवाज माझा म्हणून ओळखला होता, पण मी रागावेन म्हणून बोलली नव्हती. माणसाला कशाचीही सवय होते. मी त्यांना चहा दारात नेऊन ठेवी आणि कप एकच ठेवी. इतकंच माझ्या हाती होतं.

घंटी वाजली.

"बरं, एक्याऐंशी," आत मी म्हणाले.

मग पाटीवर खडू घासल्याचा आवाज, आणि दुसरं कोणी तरी म्हणालं:

"इक्यासी."

जमीलाची सुई झबल्यात अर्धी गेली होती, ती तिथंच राहिली.

"भाभी," ती म्हणाली. "मी तं इथं हाये."

तिनं माझा हात धरला. मला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी जे मनात आलं ते वेगळंच होतं. नवरा नेला, आता माझी मैत्रीणही तिनं आत नेली. आत तिघं होती आणि मी बाहेर गहू निवडत होते.

मी सूप खाली ठेवलं आणि उठले. जमीला "नका, नका" म्हणत माझ्या पदराला धरून मागोमाग आली. आम्ही फटीला डोळे लावले.

हे दाराकडे तोंड करून बसले होते. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. त्यांच्यासमोर दोघी पाठमोऱ्या, एकमेकींना खेटून. एकीचं लुगडं मी नेसले होते तेच. दुसरीच्या डोक्यावर ओढणी होती, मांडीवर पाटी. लुगड्यातली दुसरीच्या कानाकडे झुकली आणि काही तरी बोलली. दोघी हसल्या. ह्यांनाही हसू आलं, डोळे न उघडता.

मग लुगड्यातलीनं मान जराशी वळवली. कान दिसला, गालाची कड दिसली. त्याहून जास्त ती वळली नाही. वळायची तिला गरजच नव्हती.

"जमीला," ती घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "दार लाव."

माझ्याशेजारची जमीला जागची हलली नाही. ओढणीवाली उठली. मान खाली घालून, ओढणी पुढं ओढून ती दाराशी आली आणि फटीत तिचे हात दिसले. तर्जनीवर सुया टोचून झालेले काळे ठिपके होते. माझ्या जमीलानं आपला हात ओढणीत लपवला.

दार लागलं. आतून कडी पडली.

"हं," ह्यांचा आवाज आला. "पुढचा आठोडा."